उबकांडीची नोंद

माझं मराठी फार शुद्ध आहे, म्हणून मला नाकारण्यात आलं. पाहुण्यांनी मुलगी नाकारावी तसं, चहा पिऊन झाल्यावर.

अकोल्यातल्या एका शाळेत मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेला पोरगा 'मले' म्हणत नाही, 'मला' म्हणतो. निदान माझ्यासमोर तरी. 'सर, मले पानी प्याले जाऊ द्या' असं कुणी म्हटलं, की वाक्य शुद्ध होईपर्यंत मी त्याला तहानलेला ठेवत असे. काही पोरं मधली सुट्टी होईपर्यंत तशीच उभी राहत. आज हे सांगताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

अशा माणसाकडे दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत अमरावतीहून रागिणी गुल्हाने आली. विद्यापीठात पीएच.डी. करणारी मुलगी, वडील चांदूरबाजारकडे भाजीपाला लावणारे, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत कोऱ्या कार्डांचे गठ्ठे. वऱ्हाडातली माणसं वारा आणि हवा हे शब्द किती अर्थांनी वापरतात, हा तिचा विषय. कुणीतरी तिला सांगितलं होतं, जठारपेठेत म्हैसने सर राहतात, त्यांना विचार. मी इस्त्रीचा शर्ट घालून, तीन शब्दकोश टेबलावर मांडून बसलो होतो. तिनं वय विचारलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. एम. ए., बी. एड. म्हटल्यावर तिचं पेन थांबलं.

"सर, तुमचं मराठी फार शुद्ध आहे," ती म्हणाली. "मला त्याचा उपयोग नाही."

मग तिनं अदबीनं तिचे नियम समजावून सांगितले. बोलणारा दहावीच्या पुढे शिकलेला नको, आणि मास्तर तर नकोच नको. शब्द विचारून घ्यायचा नाही. माणसाच्या कामात बसायचं, गप्पा मारायच्या, आणि शब्द आपणहून तोंडातून निघाला तरच कार्डावर लिहायचा, बोलणाऱ्याच्या नावासकट. तेवढ्यात आमची दीपमाला चहा घेऊन आली आणि सातवी पास असल्याचं तिनं न विचारता सांगितलं. रागिणीनं खुर्ची तिच्याकडे वळवली.

त्यानंतर ती पोरगी चार वेळा आमच्या घरी आली आणि चारही वेळा स्वयंपाकघरात बसली. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून ऐकत असे. दीपमाला मेथी निवडता निवडता बोलायची. "आमच्या यायच्या पोटात वारं धरते, म्हून मी पावटे करत नाई." कार्ड. "नोकरीत होते तवा लय हवा होती यायची, आता कुत्रंई इचारत नाई." कार्ड. पोरगा पुण्याला गेला आणि त्याला तिकडचं वारं लागलं. जावेचा वाराही नको. नणंदेच्या अंगात चैत्रात वारं येतं आणि ते नेमकं भांडी घासायच्या वेळेला येतं. चौदा अर्थ, चौदा कार्डं. त्यातल्या नऊ कार्डांवर उदाहरण म्हणून मी होतो. माझी मूळव्याध सोडली तर त्या मुलीपासून काही लपून राहिलं नाही.

मला राग आला, हे सरळच सांगतो. ज्या गावात मी जन्मभर भाषा सांभाळली, त्या गावाच्या शब्दांत माझा एक शब्द नाही. आणि जिला मी तीस वर्षं सुधारतो आहे, तिचे चौदा.

आमच्या घरापासून चार पावलांवर अब्दुल रहीमचं कूलरचं दुकान आहे. तो पत्र्याची बॉडी बनवतो, पंप बदलतो, जाळ्यांत नवं गवत भरतो. फेब्रुवारी संपला की त्याच्याकडे रांग लागते, कारण अकोल्याच्या उन्हाळ्यात माणूस बायकोशिवाय राहील पण कूलरशिवाय राहणार नाही. निवृत्तीनंतर माझी सकाळ त्याच्याच बाकड्यावर जाते. आता ज्यांनी अकोल्यात उन्हाळा काढला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आठ महिने बंद असलेल्या कूलरचं बटण पहिल्यांदा दाबलं, की पाणी गवतात मुरेपर्यंत त्यातून एक झोत येतो. गरम, धुळकट, मागच्या वर्षीच्या गवताचा उबट वास असलेला. आमच्या गावचा माणूस बटण दाबतो आणि बाजूला होतो. बाहेरगावचा जावई मात्र हौसेनं समोर बसतो आणि सगळा झोत नाकातोंडात घेतो. हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या झोताला नाव म्हणून नव्हतं. मला ते तिथं बाकड्यावर बसल्या बसल्या लक्षात आलं आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्या तोंडातून शब्द निघाला, उबकांडी.

मी रहीमला म्हटलं, ती विद्यापीठाची पोरगी तुझ्याकडे कूलर बघायला येणार आहे, तिच्यासमोर हा शब्द सहज टाक. तू आठवी पास आहेस, तुझं ती लिहून घेईल. रहीमनं आधी कानाला हात लावला. खोटं लिहवून घेणं ठीक नाही, म्हणाला, लिहिलेलं वर बी वाचलं जाते. मी त्याला समजावलं की खोटं वाक्य असतं, शब्द कधी खोटा नसतो. हे मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं होतं. रहीमनं तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा तो शब्द म्हणून पाहिला, आणि तिसऱ्यांदा त्याला हसू आलं. तेव्हाच मी ओळखलं की काम झालं.

एप्रिलच्या पाच तारखेला रागिणी आली. रहीमनं दुरुस्तीला आलेला कूलर दुकानासमोर मांडला, पाणी ओतलं आणि वायर लावली.

"सरका ताई," तो म्हणाला. "पयले उबकांडी निघून जाऊ द्या, मंग या समोर."

तिनं मान वर केली. काही विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हा तिचाच नियम. नुसतं पिशवीतून कार्ड काढलं. मी पेपरामागे होतो आणि पेपर हलत होता. त्या दिवशी मी दीपमालाला न विचारता हॉटेलातून पावट्याची उसळ आणून खाल्ली.

इथवर गंमत होती. पण रहीमला तो शब्द धंद्यात सापडला. दरवर्षी कूलर नेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं, की तुझा कूलर गरम हवा फेकून राहिला. आता रहीम शांतपणे सांगू लागला, ती उबकांडी असते, पाच मिनिटं थांबत जा. गिऱ्हाईक गप्प घरी जाई. ज्याला नाव आहे तो दोष नव्हे, असं माणसाला वाटतं. रोगाचं नाव कळलं की अर्धं बरं वाटतं, तसंच. रहीमचा भाचा मोईज अमरावतीत हेच काम करतो, त्यानंही तो शब्द उचलला. मला हे ऐकून गुदगुल्या होत होत्या.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी रागिणी पेढे घेऊन घरी आली. तिनं उबकांडीवर एका परिषदेत निबंध वाचला होता आणि तो सगळ्यांना आवडला होता. मार्गदर्शक म्हणाले होते की सगळ्या प्रबंधात हे प्रकरण उठून दिसतं. एका कॉलेजात तासिकेवर शिकवते आहे, डिग्री हातात आली की कायम होण्याची आशा आहे, असंही ती म्हणाली. मग ती वाकून माझ्या पाया पडली. निबंधात नेमकं काय लिहिलं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. पेढा तोंडात फिरत राहिला.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे वारं धरलं ते पावट्याचं नव्हतं. रागावलो होतो मी कोणावर, आणि मान कोणाची कापली गेली? उद्या कुणी चौकशी केली आणि शब्द बनावट निघाला, तर पाच वर्षांचं काम, डिग्री, नोकरी, सगळं त्या पोरीच्या हातून जाणार. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, सर, तुमच्या गल्लीनंच मला तारलं. मी फोन ठेवला. मग चार पानी पत्र लिहिलं, त्यातले ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि फाडून टाकलं. सलग आठ दिवस मी दीपमालाची एकही चूक काढली नाही, तेव्हा तिला संशय आला. तिनं मला समोर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. ऐकून ती चिडली नाही, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

"त्या पोरीसमोर जाऊन सांगा," ती एवढंच म्हणाली. "चार लोकायसमोर सांगा."

संधी या वर्षीच्या एप्रिलमध्ये आली. रागिणीची मौखिक परीक्षा अमरावतीला होती आणि ती खुली असते; कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. निमंत्रणाचं कार्ड आलं ते सौ. दीपमाला म्हैसने यांच्या नावानं. दुसरं रहीमच्या नावानं. माझ्या नावानं काही आलं नव्हतं. तरी मी बसमध्ये त्यांच्यासोबत बसलो आणि मूर्तिजापूर येईपर्यंत वाक्य पाठ केलं: 'महोदय, मी आपणांस नम्रपणे एक निवेदन करू इच्छितो.' रहीम खिडकीपाशी बसून चिवडा खात होता. पापाच्या भागीदाराला असा चिवडा गोड लागतो, याचं मला आश्चर्य वाटलं. मी त्याला तसं सुनावलं, तर त्यानं पुडा माझ्यापुढे धरला.

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. पुढच्या रांगेत रागिणीनं ज्यांची कार्डं लिहिली ती मंडळी, नऊवारीत, टोपीत, एक जण तर धारणीहून जीप चालवत आलेला. दीपमाला त्यांच्यात जाऊन बसली. मला मागे जागा मिळाली. समोर पुण्याहून आलेले परीक्षक, हातात जाडजूड प्रबंध. रागिणी छान बोलली. वारा अंगाला लागतो, घराण्याला लागतो, निवडणुकीत फिरतो, डोक्यात जातो, पोटात अडतो, लोक हसले, मीही हसलो असतो. मग प्रश्नांना सुरुवात झाली आणि कुठल्याशा कॉलेजचे एक प्राध्यापक उठले. प्रबंध त्यांनी वाचलेला नव्हता, पण बाहेरच्या तक्त्यावर उबकांडी हा शब्द पाहिला होता. हा शब्द संस्कृतातल्या ऊष्मन् पासून आला असणार, ते म्हणाले, म्हणजे सातशे वर्षांचा तरी असेल, आणि जुन्या पोथ्यांत तो शोधला पाहिजे. ते पाच मिनिटं बोलले. रागिणी काहीतरी सांगणार, तेवढ्यात मी उभा राहिलो.

पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण जे बाहेर पडलं ते माझं मलाच ओळखू आलं नाही.

"तो शबद खोटा हाय," मी म्हणालो. "म्या बनवला. ह्या पोरीचा काई दोष नाई. मले राग आला होता, का मायाच गावात माया एकई शबद कोनी लिहून घेत नाई. तिची डिगरी अडवू नका. जे काय कराचं ते मले करा."

मार्गदर्शकांनी मान खाली घातली, आणि त्यांचे खांदे हलताना मला दिसले. परीक्षकांनी चष्मा लावला, प्रबंधाची पानं मागे उलटली आणि मोठ्यानं वाचायला लागले. "उबकांडी. बंद कूलर सुरू केल्यावर येणारा पहिला गरम झोत. शब्दकर्ते, गोवर्धन म्हैसने, निवृत्त शिक्षक, जठारपेठ, अकोला. निर्मितीचं कारण, राग. पहिला उच्चार, अब्दुल रहीम, पाच एप्रिल दोन हजार तेवीस." पुढे दोन उन्हाळ्यांत तो शब्द कुठं कुठं पोचला त्याचा नकाशा होता. बेचाळीस माणसं, सात गावं, शेवटचं धारणी. प्रकरणाचं नाव होतं, एका शब्दाचा जन्म.

सभागृह जे हसलं, ते हसू अजून माझ्या कानात आहे. रहीम छताकडे बघत होता. त्यानं शब्द टाकला त्याच दिवशी संध्याकाळी तिला फोन करून सगळं सांगितलं होतं, ते मला आत्ता कळत होतं. आणि तिनं त्याला बजावलं होतं की सरांना सांगू नका, नाहीतर शब्द तिथंच मरेल. मी दीपमालाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, म्हणजे तिलाही माहीत होतं.

"पेढे आनले तवाच सांगतलं तिनं मले," ती पुढच्या रांगेतून मागे वळून म्हणाली. "पन तुमी सांगता का नाई, ते पाहाचं होतं."

जो पाच मिनिटं सातशे वर्षांबद्दल बोलला होता तो प्राध्यापक आणि मी, आम्ही दोघंच तेवढे उभे होतो. तो बसला. मीही बसणार होतो, पण रागिणी व्यासपीठावरून खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, मी तुम्हाला नाकारलं ते चुकलं," ती म्हणाली. "आत्ता तुम्ही ज्या भाषेत बोललात, ती कोणाची?"

प्रश्न साधा होता. माझ्या आईची, असं उत्तर होतं. आईचं नाव मैनाबाई, बाळापूरजवळच्या खेड्यात आमचं घर. ज्वारी खळ्यावर आली की ती तिवईवर उभी राहून सूप डोक्याच्या वर धरायची, आणि वाऱ्यात दाणा एकीकडे, भुसा एकीकडे पडायचा. बी. एड. होऊन मी घरी गेलो त्या सुगीत ती म्हणाली, वारं पडलं. मी खळ्यावरच्या बायामाणसांसमोर तिला म्हटलं, आई, वारं नाही, वारा पडला असं म्हण. बायका हसल्या. आई हसली नाही. त्यानंतर जन्मभर माझ्यासमोर ती मोजकं बोलली, हो आणि नाही एवढंच, आणि 'नाही' मधला ह अगदी सावकाश, जपून म्हणायची. मी समजत होतो की ती सुधारली. ती मला भ्यायची, हे मला त्या सभागृहात उभं राहून, सत्तर लोकांसमोर, अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

हे सगळं मी रागिणीला सांगितलं की नाही, किती सांगितलं, मला आठवत नाही. थोडंफार सांगितलं असणार, कारण दीपमालानं पदर तोंडाला लावला होता. रागिणीनं मग एक गोष्ट केली जी तिनं पाच वर्षांत केली नव्हती. तिनं शब्द सरळ विचारला. खळ्यावर वाऱ्याची वाट पाहत असताना आई त्याला काय म्हणायची?

"ती त्याचं नावच नाई घे," मी म्हणालो. "मधातच वारं पडलं, का बाया सूप खाली ठेवत. मायी माय नाई ठेवे. हात तसेच वरते धरून म्हने, थांबा वो, लेकरू दम खाऊन राहिलं."

रागिणी लिहीत होती. पुण्याच्या परीक्षकांनी पुढे झुकून, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून, फार सौम्यपणे विचारलं की सर, याला प्रमाण मराठीत काय म्हणता येईल, म्हणजे नेमका कोणता वारा. चौतीस वर्षं मी तेच काम केलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला ते जमलं नाही.